कुणालाही सुचलं असतं

मास्तरांना कुणी चांगलं म्हटलं की ते आधी मागे वळून बघत. कौतुक दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय आणि चुकून आपल्या अंगावर आलंय, असा चेहरा करत. मग हात झटकून म्हणत, "छे हो, त्यात काय!" पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात नमुने करणारा हा माणूस. उभं आयुष्य पुठ्ठा कापण्यात आणि त्याला घड्या पाडण्यात गेलं. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, साबणासाठी अमुक असं खोकं हवं, आणि त्याचा चहा निवायच्या आत मास्तर ते खोकं त्याच्या हातात ठेवायचे. गिऱ्हाईक वाहवा करायचं आणि मास्तर म्हणायचे, "त्यात काय!" कारखान्यात पाठीमागे त्यांना 'त्यातकाय मास्तर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचंही त्यांना काही वाटत नसे.

नम्रपणा चांगला, कोण नाही म्हणतंय? पण त्याचीही खोड लागते. एकदा जिभेला लागली की माणूस काय बोलतोय याचा विचार न करता बोलून मोकळा होतो. मास्तर असेच एकदा बोलून मोकळे झाले, नेमके माइकसमोर. मग ते छापून आलं आणि त्यांच्या डोक्याला असा काही भुंगा लागला की बिचाऱ्यांना आपलं डोकं आपलंच आहे की नाही याची शंका यायला लागली.

पण आधी त्या खोक्याविषयी सांगायला हवं. मास्तरांची आई शेवटची काही वर्षं आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. तोंडात दात नव्हते, गिळायला त्रास व्हायचा, पण खाण्याचे नखरे मात्र महाराणीचे. दुधात भिजवलेले कॉर्नफ्लेक्स तेवढे तिला चालत, तेही कुरकुरीत असतानाच दुधात पडलेले. खोक्यातच सादळलेले असले की तिला वासावरून कळे आणि मग ती जी तोंड मिटून घेई ती दुपारपर्यंत. कॉर्नफ्लेक्सचं खोकं हा तर मुळातच वैताग. बाहेर पुठ्ठा, आत पिशवी. पुठ्ठ्याचं झाकण लागतं झक्कास, आणि आत पिशवीचं तोंड उघडं ते उघडंच. मास्तरांची बायको पिशवीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवी. पण पिशवीचं तोंड गुंडाळून चिमटा लावायला दोन हात लागतात, आणि तिचा एक हात सासूच्या मानेखाली अडकलेला असायचा. एकदा ती वैतागून म्हणाली होती, "जन्मभर खोकी करताय ना? मग एका हाताने बंद होईल असं एखादं करून दाखवा की!" मास्तर नुसते हसले होते.

पुढे आई गेली. चिमटा राहिला, कारण तोवर कॉर्नफ्लेक्सची सवय या दोघांनाही लागली होती.

मग एका दुपारी मास्तर कारखान्यात एक नमुना करत बसले होते. कसलीशी बिस्किटं होती, आत पिशवी, बाहेर खोकं. घडीची रेघ चुकीच्या जागी पडली. झाकणाची जीभ, म्हणजे समोरच्या खाचेत जाणारा तुकडा, एकदा मुडपायची ती दोनदा मुडपली गेली आणि पिशवीचं तोंड त्या दोन घड्यांमध्ये चिमटून बसलं. मास्तर सोडवायला गेले, सुटेना. ओढलं, झटकलं, पुठ्ठ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि मग त्यांचा हात थांबला. त्यांनी झाकण सावकाश उघडलं, तशी पिशवी सुटली. अंगठ्याने झाकण दाबलं, तशी पिशवी पुन्हा पकडली गेली. दुसरा हात मोकळाच होता. त्या मोकळ्या हाताचं काय करावं हे न कळून त्यांनी तो खिशात घातला.

कारखान्याच्या मालकांनी त्या झाकणाचं पेटंट घेतलं. हक्क कारखान्याचा, कमाई कारखान्याची, पण शोध लावणारा म्हणून नाव मास्तरांचं. त्या कागदाची एक प्रत मास्तरांना मिळाली. बायकोने ती फ्रेम करून आणली आणि आतल्या खोलीत, सासूचा पलंग असायचा त्या भिंतीवर टांगली. मास्तरांनी जन्मात केलेली सगळी खोकी लोकांनी फाडून, चुरगाळून फेकून दिली होती. खोक्याचं नशीबच ते, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण त्यांचं नाव असलेली आणि कुणी फेकून न दिलेली वस्तू जगात ही एकच होती. येताजाता ते तिच्याकडे बघायचे. कुणी बघताना पाहिलं तर धूळ पुसायचे.

कारखान्याने सत्कारही केला. मास्तरांना माइकसमोर उभं केलं. नवा सदरा काखेत काचतोय, समोर सगळा कारखाना. मास्तर म्हणाले, "त्यात काय विशेष? साधी घडी आहे. कुणालाही सुचलं असतं." आणि बसले. टाळ्या झाल्या. कारखान्याच्या मासिकात त्यांच्या फोटोखाली ठळक अक्षरांत तेवढंच वाक्य छापून आलं. बायकोने ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, "एकदा तरी सरळ 'हो' म्हणायचं होतंत. तुमचं काय जात होतं?"

तेव्हा काहीच जात नव्हतं. मग बाजारात दुसऱ्या एका कंपनीचे कॉर्नफ्लेक्स आले आणि त्यांच्या खोक्याला हुबेहूब तेच झाकण. मास्तरांच्या कारखान्याने दावा लावला. त्या कंपनीने उलटा दावा लावला, की मुळात हे पेटंटच रद्द करा.

एके सकाळी कारखान्याच्या वकीलबाई नमुन्याच्या खोलीत आल्या. तरुण होत्या, बोलायला चटपटीत, आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसायला त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही, त्यामुळे मास्तरांना त्या लगेच आवडल्या.

"रद्द का म्हणून?" मास्तरांनी विचारलं. "आपण काय चोरलंय का त्यांचं?"

"चोरलं असं त्यांचं म्हणणं नाही. ते म्हणतात, यात शोध कसला? हे उघडच होतं. झाकणाला जीभ असतेच, जुनीच गोष्ट. पिशवीला चिमटा लावतात, तेही जुनंच. दोन जुन्या गोष्टी एका ठिकाणी आणल्या, बस. या धंद्यातल्या कुणाही साधारण माणसाला सुचलं असतं."

"साधारण माणूस म्हणजे मीच की."

"नाही नाही, तुम्ही नाही!" वकीलबाई घाईने म्हणाल्या. "तो कायद्यातला माणूस. खरा नसतोच तो. त्याला धंद्यातलं सगळं माहीत असतं. आजवरचं एकूण एक पेटंट त्याने वाचलेलं असतं. फक्त स्वतःचं डोकं तो चालवत नाही. समोर दिसतं तेवढंच करतो. अशा माणसाला जे सुचेल त्याला पेटंट मिळत नाही."

मास्तर बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "असा एक सुपरवायझर होता आमच्याकडे."

वकीलबाई खळखळून हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. "हे तिथे बोलू नका बरं." त्यांनी पिशवीतून मासिक काढलं. मास्तरांचा फोटो आणि खाली ते वाक्य. "हे त्यांच्या हाती लागलंय. त्यांच्या दृष्टीने सोन्याची खाण आहे ही. शोध लावणारा माणूसच सांगतोय, कुणालाही सुचलं असतं. तुम्ही खरंच असं म्हणालात?"

"म्हणालो."

"का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? पाऊल पुढे टाकताना दुसरा हात का हलतो असं विचारल्यासारखंच ते. मास्तर म्हणाले, "असं म्हणायचं असतं."

"कोर्टात असं चालत नाही हो मास्तर. तुम्हाला बोलावणार आहेत ते. तुम्ही फक्त खरं सांगा. ते अवघड होतं की सोपं?"

मास्तरांना ते माहीतच नव्हतं! नमुना समोर पडला होता. त्यांनी उचलला, अंगठ्याने झाकण दाबलं, टप्. सोपंच तर होतं. यापेक्षा सोपं काय असणार? पण मग चिमटा इतकी वर्षं कशाला लागत होता? आणि त्या दुपारी तर त्यांनी काही केलंच नव्हतं, रेघ चुकली होती. चुकलेल्या रेघेला शोध म्हणायचं का? बरं, रेघा तर त्याआधीही हजारदा चुकल्या होत्या, तेव्हा पुठ्ठा फेकून दिला होता. या वेळी हात का थांबला? विचार करायला लागावं तर शेंडा ना बुडखा. वकीलबाई म्हणाल्या, "सावकाश आठवा," आणि गेल्या.

आठवायचं काय, तर माहीत नसताना कसं वाटत होतं ते! मास्तरांनी खूप प्रयत्न केला. कोरा पुठ्ठा घेऊन बसले. समज, आपल्याला हे झाकण माहीतच नाही, असं मनाशी ठरवलं, आणि हात सरळ त्या घडीवर गेला. पुन्हा बसले, डोळे मिटून. पुन्हा तीच घडी. एकदा कळलेली गोष्ट न कळलेली कशी करतात? हे पेटंटवाले लोक रोज करतात म्हणे.

शेवटी त्यांनी लोकांना विचारायचं ठरवलं. कारखान्यातला डायवाला, म्हणजे पुठ्ठा कापायच्या पात्यांचे साचे बनवणारा, त्यांचा जुना दोस्त. त्याला विचारलं, "खरं सांग, हे तुला सुचलं असतं?"

"मला?" डायवाला छातीवर हात ठेवून म्हणाला. "अरे, माझ्या बापालाही सुचलं नसतं!" डायवाल्याचा बाप पोस्टमन होता, त्यामुळे या साक्षीचा फारसा उपयोग नव्हता.

छपाईवाल्याला विचारलं तर तो यंत्रावरून मान न काढता म्हणाला, "मला सुचलंच होतं की."

"कधी?"

"तुझ्या सत्काराच्या दिवशी. म्हटलं, अरे, हे तर आपल्यालाही जमलं असतं. पण म्हटलं, जाऊ दे, कोण सांगत बसतो!"

मास्तर खोलीत परत आले ते होते त्याहून जास्त गोंधळून. घरी जाऊन त्यांनी बायकोपुढे पुठ्ठा ठेवला. "समज, तुला ते झाकण माहीत नाही. तू काय करशील?"

"मला माहीत आहे हो. रोज सकाळी तेच तर उघडते."

"पण समज, माहीत नाही."

"माहीत नसताना मी चिमटा लावतच होते," ती म्हणाली. "बसा इथे. आधी बोलायला शिका. म्हणा, अवघड होतं."

"अवघड... म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"तसं बघायला जाऊ नका! नुसतं म्हणा."

"होतं अवघड. पण फार काही..."

"पण नको!"

असा अभ्यास त्यांच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी चाले. लहान पोराला पाढे घोकवावेत तसं ती घोकवून घेई आणि मास्तर दर वेळी 'पण'वर येऊन अडखळत. एकदा ती पोळपाटावरून हात न काढता म्हणाली, "स्वतःविषयी एक वाक्य येत नाही तुम्हाला धड. जीभ आहे का काय आहे!" मास्तर ओशाळले. मग त्यांनी विचारलं, "रद्द झालं, तर ते भिंतीवरचं काढावं लागेल का गं?"

"माझ्या भिंतीवर काय टांगायचं ते माझी मी ठरवीन," ती ताडकन म्हणाली. पण मग दोघंही आतल्या खोलीच्या दाराकडे बघत बसली. मास्तरांची नोकरी कुठे जाणार नव्हती. पैसा तर त्या झाकणाचा कधी आलाच नव्हता. पण आपण जन्मात एकच गोष्ट केली आणि तीही केली नव्हती असं कुणीतरी शिक्का मारून सांगणार, हा विचार त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, तो शिक्का मारणारा कदाचित बरोबर असेल असं त्यांना आतून वाटत होतं.

सुनावणीची खोली वरच्या मजल्यावर होती. एसीचा गारठा इतका की मास्तरांची बोटं वळेनात. लांबलचक टेबलावर कॉर्नफ्लेक्सची खोकी ओळीने मांडलेली, जणू सगळे आता न्याहारीलाच बसणार. मधोमध निकाल देणारे साहेब, अर्धवट मिटल्या डोळ्यांचे. मागच्या खुर्च्यांवर बायको, चांगलं पातळ नेसून, मांडीवर पर्स घट्ट धरून.

त्या कंपनीचे वकील वयाने मोठे होते, जाड चष्म्याचे, आणि आवाज इतका मऊ की राग यायला वावच नाही. त्यांनी आधी दोन जुने कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर झाकणाच्या जिभेचं चित्र, दुसऱ्यावर पिशवीच्या चिमट्याचं. "याची जीभ," ते म्हणाले, "आणि याचा चिमटा. झालं." आणि खरंच झालं की! मास्तर थक्क होऊन बघत राहिले. इतकं सोपं होतं तर आपण त्या दुपारी शिव्या कशाला घालत बसलो होतो?

"मास्तर, हे खोकं जरा बंद करून दाखवता?"

मास्तरांनी खोकं उचललं, अंगठ्याने दाबलं. टप्.

"वेळ लागला?"

"नाही."

"कष्ट पडले?"

"छे हो, त्यात का..." मास्तरांनी जीभ चावली. मागे पर्सची कडी खटकन वाजली.

वकील किंचित हसले. मग मासिक उघडून त्यांनी ते वाक्य वाचलं. "'साधी घडी आहे. कुणालाही सुचलं असतं.' हे तुम्ही म्हणालात?"

"हो."

"कुणी बोलायला भाग पाडलं होतं?"

"नाही."

"मग हे खरं आहे."

"नाही," मास्तर म्हणाले. 'पण' न येता एक उत्तर पुरं झालं म्हणून त्यांना बरं वाटलं.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांसमोर खोटं बोललात?"

"खोटं नाही."

"मग खरं?"

"नाही."

साहेबांनी डोळे पूर्ण उघडले. "नक्की काय?"

मास्तरांना घाम फुटला, त्या गारठ्यात. त-त-प-प करत ते म्हणाले, "साहेब, ते तसं नसतं. ते म्हणायचं असतं. म्हणजे... आता हिचंच बघा." त्यांनी मागे हात केला. "माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. वर्षानुवर्षं. हिने सगळं केलं. उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सगळं. नातेवाईक यायचे, म्हणायचे, धन्य आहे बाई तुझी. तर ही काय म्हणायची? त्यात काय, कुणीही केलं असतं! आता, म्हणून काय कुणीही केलं असतं का? माझ्या दोन सख्ख्या बहिणी आहेत. त्या यायच्या, बिस्किटांचा पुडा ठेवायच्या, रडायच्या आणि जायच्या. कुणी केलं नाही साहेब! हिनेच केलं! ती आपली नुसती म्हणायची तसं."

इतकं सरळ आणि लांबलचक मास्तर आयुष्यात कधी बोलले नव्हते. वकीलबाईंचा चेहरा उजळला. चष्मेवाल्या वकिलांनी हातातलं मासिक मिटलं. मग त्याच मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "त्या असं म्हणायच्या तेव्हा तुम्ही तिथे असायचात?"

"असायचो की."

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्यांना ते दिसलं. आतल्या खोलीतला पलंग, दारात उभी कुणीतरी पाहुणी, हात पुसत असलेली बायको, आणि खुर्चीत चहाचा कप घेऊन बसलेले ते स्वतः. एकदा नाही, कितीतरी वेळा.

"मी," ते म्हणाले, "मी 'हो ना' म्हणायचो."

"म्हणजे तुम्हाला ते खरंच वाटायचं."

बायको मागे बसली होती आणि मास्तरांना मान वळवता येईना.

"वाटायचं," ते म्हणाले.

"आभारी आहे. मला एवढंच विचारायचं होतं," वकील म्हणाले आणि खाली बसले.

परत येताना बसमध्ये दोघं शेजारी बसली. बायको खिडकीबाहेर बघत होती. मग ती म्हणाली, "चांगलं बोललात. 'पण' आला नाही एकदाही." घरी आल्यावर तिने दिवा लावला, पोळ्या केल्या, आणि मास्तरांनी आज धूळ न पुसता त्या फ्रेमकडे नुसतं बघितलं. ती फ्रेम आता त्यांना नीट बघवत नव्हती. नाव त्यांचं होतं, पण भिंत कुणाची होती?

पुढचे कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलायला जायचे आणि भाजी काय आणू असं विचारून परत यायचे.

निकाल आला तोही असला की धड हसावं ना रडावं. दुहेरी घडी मान्य, पण 'एका हाताने बंद होणं' याच्यावर हक्क सांगता येणार नाही, कारण एका हाताने बंद होणारं झाकण असावं ही इच्छा कुणाच्याही मनात येण्यासारखी आहे. वकीलबाईंनी फोन करून सांगितलं, "जिंकलो आपण मास्तर, बऱ्यापैकी!" त्याच दिवशी त्या दुसऱ्या कंपनीनेही आपण जिंकल्याचं जाहीर केलं. मास्तरांनी डायवाल्याला विचारलं, "आपण जिंकलो की हरलो?" डायवाला म्हणाला, "फ्रेम भिंतीवर आहे ना? मग जिंकलो." मास्तरांना पटलं आणि पटलंही नाही.

पण निकालात एक ओळ होती, ती वकीलबाईंनी त्यांना मुद्दाम दोनदा वाचून दाखवली. कौतुकाला उत्तर म्हणून माणूस स्वतःच्या कामाविषयी जे कमीपणाने बोलतो, ते त्या कामाविषयीचं सत्य म्हणून धरता येणार नाही. त्या अर्धवट मिटल्या डोळ्यांच्या साहेबांनी लिहिलेलं. ज्यांनी मास्तरांच्या बायकोला तेवढं एकदाच पाहिलं होतं, तेही मागच्या खुर्चीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने त्यांच्यापुढे वाडगा ठेवला, दूध ओतलं, खोकं अंगठ्याने बंद केलं आणि फडकं घेऊन टेबल पुसायला लागली.

"अगं," मास्तर म्हणाले.

"काय?"

"आईचं सगळं करणं... अवघड होतं का गं?"

ती पुसता पुसता म्हणाली, "त्यात काय..."

"थांब," मास्तर म्हणाले. "मी 'हो ना' म्हणणार नाही. तू खरं सांग."

तिचा हात थांबला. मास्तरांना तिच्याकडे बघायची भीती वाटत होती, पण ते बघत राहिले. तिने फडकं खाली ठेवलं. खुर्ची ओढली आणि बसली. कामाच्या मधे ती अशी कधी बसत नसे.

"पाठ फार दुखायची," ती म्हणाली.

मग थोडी थांबून म्हणाली, "आणि एकदा तुम्ही कामावर गेल्यावर मी बाहेरून कडी लावली आणि जिन्यात जाऊन बसले. त्या आतून हाका मारत होत्या. मला ऐकू येत होत्या. मी गेले नाही."

"मग?"

"मग गेले. आणखी काय करणार?" तिने डोळे पुसले, त्याच फडक्याने. "त्या मला म्हणाल्या, कुठे होतीस गं? मी म्हटलं, इथेच होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं कधी."

वाडग्यातले कॉर्नफ्लेक्स दुधात पार मऊ होऊन गेले होते. ते मास्तरांनी बाजूला सारले, आणि ती पुढे सांगायला लागली.